आमच्यात कुणाला नाही

माझ्या दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूची कातडी जाड, काळपट आणि भेगाळलेली आहे. मानेला मागून तशीच. लहानपणी खाजवून खाजवून रक्त यायचं, आता उन्हाळ्यात तेवढी जरा गप असते. आई त्याला अंगातली उष्णता म्हणायची, शेजारीण इसब म्हणायची, आणि मला बघायला येणारे पाहुणे काहीच म्हणायचे नाहीत. पोह्याची बशी पुढं करताना बाही वर सरकायची, त्यांची नजर तिथं जायची, आणि चहा संपवून ‘कळवतो’ म्हणत ते उठायचे. कळवलं कुणीच नाही. आता मी कळंबला एका खोलीत शिवणकाम करते, फॉल-पिको करते, कुणाची मिंधी नाही. माझं रडगाणं सांगायला मी बसलेली नाही. सांगायचंय ते माझ्या धाकट्या बहिणीचं आणि तिच्या पोरीचं.

आमच्या वडिलांना, आण्णांना, दमा. त्यांच्या आईलाही होता, पण तिचं सगळे म्हातारपणावर ढकलायचे. सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, सुरू झाली की आण्णांची छाती वाजायला लागायची, अगदी शेजारच्या खोलीत ऐकू येईल अशी. आई वैतागून म्हणायची, ‘तुमच्या घराण्याचंच हाय हे.’ मी झाले तेव्हा माझे गाल लाल, खरखरीत, म्हणून ती पुन्हा आण्णांच्या घराण्यावर उखडली. बहीण झाली ती मात्र केळीच्या गाभ्यासारखी. एक डाग नाही अंगावर. आईनं नारळ फोडला, की एक तरी पोरगी स्वच्छ निघाली.

कसली स्वच्छ! तिसरीत असताना तुरीच्या भुशात खेळून आली आणि ओट्यावर बसून राहिली. खांदे वर गेलेले, गळ्याखालचा खड्डा आत-बाहेर होत होता, आणि छातीतून आण्णांसारखाच आवाज येत होता. मला जे कातडीवर मिळालं होतं ते तिला आत मिळालं होतं, एवढाच काय तो फरक. पण तेव्हा हे मला कुठं कळत होतं? तेव्हा आम्हाला वाटलं, माझं एक दुखणं, तिचं दुसरंच.

कळंबच्या डॉक्टरनं तिला पंप दिला. तोंडात धरून दाबायचा, श्वास आत ओढायचा, झालं. पण आई दवाखान्यातून रडतच घरी आली. ‘पंप म्हंजी शेवटचंच की. एकदा लागला की सुटत न्हाई. अन् पंप वढणारी पोरगी कोण करून घेतंय?’ तेव्हापासून आमच्या घरात कायदा झाला. पंप मोरीत जाऊन घ्यायचा. बादलीत पाण्याची धार सोडायची, म्हणजे दाबल्याचा आवाज बाहेर जात नाही. शाळेत न्यायचा नाही. मैत्रिणीला सांगायचं नाही. बहिणीला बिचारीला इतकी सवय झाली, की शिंक आली तरी ती आधी इकडंतिकडं बघायची.

तिच्या लग्नाचं निघालं तेव्हा मी सरळ म्हणाले, ‘आई, सांगून टाक त्यांना. खाणं-पिणं, धूळ, औषध, सगळं सांभाळावं लागतंय तिचं. लपवून कसं भागंल?’

आई शेगडीपुढून न उठताच म्हणाली, ‘तुझं दिसलं म्हणून तू घरात बसलीस. तिचं दिसत न्हाई. मग कशाला दाखवायचं?’

मला इतका राग आला, की हातातली कात्री मी फरशीवर आपटली. माझंच उदाहरण माझ्या तोंडावर मारलेलं.

पाहुणे चैत्रात बोलावले. मुद्दामच. उन्हाळ्यात तिची छाती साफ असते, रास नसते, गवत वाळलेलं असतं. बेंबळीकडचं स्थळ, शेती बरी, पोरगा एकुलता एक. आण्णांना आईनं बजावलं, ‘तुम्ही लोडाला टेकून बसा. उठू नका, बोलू नका.’ बोलायला मामा. मामाला रोज सकाळी शिंकांची माळच लागते, त्यामुळं नाकाला रुमाल लावूनच तो बोलत होता. चैत्राच्या उन्हात ‘जरा सर्दी झालीया’ म्हणाला, मला हसूच आलं.

मुलाच्या आईनं रीतीनं विचारलं, ‘घराण्यात काही?’

मामा म्हणाला, ‘छे छे! कोड न्हाई, मिरगी न्हाई, दमा न्हाई. आमच्यात कुणाला काही न्हाई.’ आण्णा छताकडं बघत बसले होते.

‘आमच्यात बी कुणाला न्हाई,’ ती बाई म्हणाली. मुलगा खाली मान घालून बसलेला, दोन शब्द बोलला असेल नसेल. पाहुणे गेल्यावर आई खूश होऊन म्हणाली, ‘जावय लई शांत हाय.’ तिकडं त्यांनीही आण्णांबद्दल हेच म्हटलं, व्याही शांत आहेत म्हणून. सुपारी फुटली.

लग्नाआधी मी तिच्या सगळ्या परकरांना आतून खिसा शिवला. पंप मावेल एवढा, वरून झाकण, चालताना दिसणार नाही असा. टाके घालताना मी रडत होते आणि शिव्याही देत होते, कुणाला ते देव जाणे. ती जवळ बसून म्हणाली, ‘आक्का, भारी झालाय गं. कुणाच्या बापाला कळायचं न्हाई.’

कळलं नाहीच. चार वर्षं तिनं तसा संसार केला. माहेरी आली की चप्पल काढायच्या आधी ती ओट्यावर बसून सगळ्यांसमोर पंप घ्यायची, आणि मग ‘हुश्श’ म्हणून भिंतीला टेकायची. तेवढाच तिचा मोकळा श्वास. नवरा चांगला आहे म्हणायची, हात उचलत नाही, पिऊन येत नाही. मधेच उठून गोठ्यात जाऊन बसतो, जनावरांची माया आहे म्हणायची.

मुलगी झाली. बाळंतपणाला आमच्याकडंच होती. दोन-तीन महिन्यांची असतानाच तिचे गाल लाल झाले, मग कोपरांत पुरळ उठली. मी बाही वर करून बघितलं. माझेच हात ते, छोटे केलेले. बहीण म्हणाली, ‘गप आक्का. सासूबाईंनी इचारलं तर दुधाची उष्णता म्हणायचं ठरलंय.’

बहीण गेली ती आश्विनात. फोन आला की शेतात चक्कर आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मागाहून ज्या बायका तिथं होत्या त्यांच्याकडून मला कळलं. मळणीयंत्र चालू होतं, मजूर कमी पडले म्हणून तीही भारे द्यायला उभी राहिली. भुशाचा लोट सगळा तिच्या अंगावर. थोड्या वेळानं बाजूला जाऊन बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. ‘पाणी द्या’ एवढंच म्हणाली. पाणी दिलं ते गिळता येईना. नवऱ्यानं जीप बोलावली. जीप यायला वेळ लागला.

हार्ट अटॅक, असं त्यांनी सगळीकडं सांगितलं. आमच्या घरानंही मान डोलावली. हार्ट अटॅक दोन्ही घरांना सोयीचा होता. त्यात कुणाचं घराणं येत नाही.

शेवटची आंघोळ घालायला मी होते. परकर सोडताना खिसा हाताला लागला. आत पंप होता. मी तो कानाशी धरून हलवला, पूर्ण रिकामा. नवा पंप ती माहेरूनच न्यायची; दिवाळीला येणारच होती, तोवर ओढू म्हणाली असेल. मी तो हातात धरून तशीच उभी राहिले, आणि आईनं तो माझ्या हातातून हिसकला, झटकन कमरेला खोचला आणि दाराकडं बघितलं. पोटची पोरगी पुढ्यात पडलेली, आणि हिला लोकांची! त्या दिवशी मला आईची किळस आली. खोटं कशाला बोलू?

तिची पोरगी आजीजवळ बेंबळीला राहिली. सुट्ट्यांत आमच्याकडं यायची. मी तिच्या कोपरांना तेल चोळायची, मलम लावायची, नखं कापायची. सहाव्या वर्षी, पहिलीत गेली, तेव्हा बघते तर कातडी जवळजवळ साफ! मी खुळी, मला आनंद झाला. त्याच दिवाळीत ती अंगणात पळून आली, ओट्यावर बसली, खांदे वर केले, आणि तो आवाज. आण्णांचा, बहिणीचा, आता हिचा. मी तिला उचललं. आई म्हणाली, ‘काढा देऊ, बसंल.’ मी म्हणाले, ‘आई, आता जर तू मधे आलीस ना, तर माझं तोंड बघायचं न्हाई.’ मला दुसरं काही नको होतं. ही पोरगी जगली पाहिजे, एवढंच.

दाजींना, बहिणीच्या नवऱ्याला, फोन करून सांगितलं, तुम्ही स्वतः या, मी एकटी नेणार नाही, बाप म्हणून तुम्ही ऐकलं पाहिजे डॉक्टरचं. धाराशिवला लहान मुलांच्या डॉक्टर आहेत, त्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर. दाजी आले, आईही हट्टानं आली. डॉक्टरबाईंनी पोरीची छाती ऐकली, कोपरं बघितली, आणि मला विचारलं, ‘आईकडं कुणाला?’

मी सगळं सांगून टाकलं. आण्णा, आजी, मी, बहीण. ती कशानं गेली तेही. आई माझा दंड चिमटीत धरून पिळत होती, तरी सांगितलं. दाजी खिडकीतून खाली बघत राहिले. ‘हार्ट’ असं ते म्हणालेच नाहीत. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, पण एखाद्या माणसाला बायको कशानं गेली हे पहिल्यांदाच कळलं तर तो असा उभा राहील का?

आई मधेच म्हणाली, ‘सगळं माझ्या सासरकडचं हाय डॉक्टर. माझ्या माहेरात कुणाला न्हाई. भावाला तेवढ्या सकाळच्या शिंका येत्यात.’

‘त्या शिंकापण त्यातल्याच, आजी,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, आणि मला पहिल्यांदा आमचं घर नीट कळलं. आई-बापाकडून दमा जसाच्या तसा मुलाकडं येत नाही, म्हणाल्या. येतो तो कल. धूळ, परागकण, भुसा, अशा साध्या गोष्टींना शरीरानं शत्रू समजायचा कल. त्याला एकच एक जनुक कारण नसतं. लहान लहान पुष्कळ असतात, काही आईकडून येतात, काही बापाकडून, आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला वेगळी. म्हणून एकाच घरात कुणाची कातडी, कुणाचं नाक, कुणाची छाती. कातडीनं सुरुवात होऊन पुढं छातीवर जातं, असंही पुष्कळ मुलांचं होतं. कातडी बरी झाली म्हणून गाफील राहायचं नाही.

‘मग हिच्या नशिबात हेच?’ मी विचारलं.

‘नशीब कुठलं? कल आहे, निकाल नाही. औषध रोज घ्या, धुळीपासून जपा, पंप कायम हाताशी ठेवा. चांगली जगेल. आणि पंपानं काही सवय लागत नाही.’ मग त्या दाजींकडं वळल्या. ‘दोन्हीकडून असलं तर शक्यता वाढते. तुमच्याकडं कुणाला आहे?’

‘न्हाई,’ दाजी म्हणाले. ‘आमच्यात कुणाला न्हाई.’

डॉक्टरबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. जिना चढून येऊन आम्हाला बराच वेळ झाला होता, आमचा श्वास कधीच खाली बसला होता, पण दाजी अजून तोंड उघडं ठेवून श्वास घेत होते. ‘इकडं बसा,’ त्या म्हणाल्या, आणि पोरीच्या छातीला लावलेली नळी त्यांच्या पाठीला लावली. ‘श्वास घ्या. सोडा.’ थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, ‘तुमचीपण वाजतेय. किती वर्षं?’

दाजींनी मान खाली घातली. ‘लहानपणापासून हाय.’

‘औषध?’

‘पंप हाय.’

पोरगी पाय हलवत टेबलावर बसली होती. मी तिला उतरवलं, चिठ्ठी घेतली आणि जिना उतरले. खाली औषधाच्या दुकानातून तिचा पंप घेतला, आणि त्याला लावायची प्लॅस्टिकची नळी. मग आई पोरीला केळी घ्यायला घेऊन गेली, आणि मी दाजींना भिंतीकडं घेतलं.

‘त्या दिवशी कुठं होता तुमचा पंप?’

‘गोठ्यात. गव्हाणीच्या मागं, फळीवर.’

‘अन् गोठा?’

ते चपलेनं माती उकरायला लागले.

‘दाजी, गोठा कुठं हाय, म्या बघितलाय. रानातच हाय. मशीन चालू होती तिथून हाक मारली तर ऐकू येतंय.’

‘व्हय.’

‘तिला काय झालंय ते तुम्हाला कळलं न्हाई?’

‘कळलं आक्का,’ ते म्हणाले. ‘आवाज वळखला म्या. माझाच आवाज की त्यो. पर वाटलं धुळीनं झालंय, बसंल. माझा बसतोय. अन् पंप आणला असता तर... सगळी मजूर माणसं हुती. तिला बी कळलं असतं. लगीन करताना न्हाई म्हणून सांगितल्यालं. आई माझ्याकडं बघत हुती, नगं म्हणून मान हालवत हुती.’

मी त्यांच्या कानाखाली मारणार होते. हात उचललाही होता. पण तो माणूस तिथंच खाली बसला आणि हमसून हमसून रडायला लागला, आणि रडता रडता त्याची छाती शीळ घालायला लागली. काय मारायचं अशा माणसाला? तिच्या परकरात रिकामा पंप, ह्याच्या गोठ्यात भरलेला, आणि मधे जेमतेम एक चिंचेचं झाड. दोघं चार वर्षं एका अंथरुणावर झोपले. अरे देवा! एकानं जरी तोंड उघडलं असतं तर माझी बहीण आज असती. हे मला कुणी पुन्हा समजावून सांगू नये.

‘पोरीचं तरी लपवू नका,’ मी म्हणाले. ‘पाया पडते तुमच्या.’

‘न्हाई लपवणार. शप्पथ,’ ते म्हणाले आणि डोळे पुसले. आई केळी घेऊन आली. तिनं आमच्या तोंडाकडं बघितलं, काय झालं ते विचारलंही नाही. एवढंच म्हणाली, ‘झालं ते झालं. चारचौघांत बोलू नगा आता. पोरीची जात हाय, उद्या तिचं लगीन करायचंय.’

मी पोरीचा हात धरला आणि बसस्थानकाची वाट धरली.

बसस्थानकावर कळंबच्या गाडीला गर्दी होती. कुणीतरी झाडून कचरा एका बाजूला पेटवलेला, त्याचा धूर सगळीकडं पसरलेला. पोरगी आधी खोकली, मग गप्प झाली, आणि बाकावर हात टेकून बसली. खांदे वर गेले. मी पिशवीतून पंप काढला, हलवला, नळीला लावला आणि तिच्या तोंडाशी नेला.

तिनं हातानं तो ढकलला. ‘इथं नगं मावशी.’

‘आगं घे की, श्वास लागलाय तुला.’

‘घरी गेल्यावर.’ एकेक शब्दाला थांबून ती बोलत होती. ‘इथं माणसं हायेत. पप्पा बी... गोठ्यात जाऊन घेत्यात.’

सहा वर्षांची पोरगी! तिला हे कुणी बसून शिकवलं नव्हतं. मी तिला मांडीवर ओढली, एका हातानं डोकं धरलं आणि नळी तोंडाला लावून पंप दाबला. तिनं श्वास आत घेतला, घ्यावाच लागला. पुन्हा दाबला. बाकावरची माणसं वळून बघायला लागली, एका बाईनं आपलं पोरगं जवळ ओढून घेतलं. पोरगी डोळे घट्ट मिटून रडत होती. छाती तर मोकळी होत होती, ती लाजेनं रडत होती.

तेवढ्यात दाजी उठून आमच्या पुढं आले. मला वाटलं पोरीला धीर द्यायला आले. पण त्यांनी आमच्याकडं पाठ केली, खांद्यावरचा टॉवेल काढला, दोन्ही हातांनी ताणून धरला आणि लोकांना पोरगी दिसू नये म्हणून आडोसा करून उभे राहिले.